डोंगरकड्याची सतरंजी

इशरतबी मणियार यांच्यावर लिहिणार म्हटल्यावर घरातून मला सल्ला आला, की त्यांच्या हातातल्या कसबाबद्दल लिही, स्वभावाबद्दल लिही, ते दुसरं सगळं गाळून टाक. ते दुसरं गाळलं तर लिहायला उरतं काय? म्हणून तेच लिहिते आहे. ज्यांना वाचताना लाज वाटेल त्यांनी पान उलटावं.

आधी बाईंची ओळख करून देते. इशरतबी आमच्या शिरड शहापुरात राहतात आणि बांगड्या भरतात. वय सत्तावन्न. नवरा जाऊन बारा वर्षं झाली. घरी मुलगा आसिफ आणि सून आलिया. पस्तीस वर्षांपूर्वी सासूच्या मागून डोक्यावर टोपली घेऊन फिरायला लागल्या. आता टोपलीच्या जागी दोन पत्र्याच्या पेट्या आल्या, बाकी काही बदललं नाही. शिरड, औंढा, डोंगरकडा, पार कळमनुरीपर्यंत कुणाच्या घरी लग्न निघालं की मांडववाल्याच्या आधी इशरतबींना निरोप जायचा. घर कुणाचंही असो, नवरीचा हिरवा चुडा त्यांनीच भरायचा.

माझाही त्यांनीच भरला. मी परभणीहून नवी आलेली, घाबरलेली, हात ताठ धरून बसलेली. त्यांनी माझ्या अंगठ्याखालचा मांसल भाग दाबून पाहिला आणि म्हणाल्या, "पोरी, हात सैल सोड. काच जबरदस्तीनं जात न्हाई." एकवीस बांगड्यांपैकी एकही वाढवली नाही. आमच्याकडे बांगडी फुटली असं कुणी म्हणत नाही, वाढवली म्हणतात. काचेच्या तुकड्यासाठीसुद्धा आम्ही असा जपून शब्द शोधलेला आहे. पण बाईला हसता-खोकताना लघवी होते, पेटी उचलताना होते, दार उघडेपर्यंत धरवत नाही, याला आमच्या बायकांकडे शब्दच नव्हता. त्याला आम्ही गुडघे म्हणायचो. कुणी लग्नाला आली नाही की तिचे गुडघे दुखत असायचे.

चुड्याची एक रीत आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. नवरीचा एक हात भरला आणि दुसरा रिकामा असला तर मध्ये उठायचं नाही. भरणारीनं नाही, आणि शेजारी बसून तिला एकेक बांगडी देणाऱ्या सवाष्णीनंही नाही. उठलं तर संसार अर्धा राहतो म्हणतात. आमच्या आळीत तीन संसार अर्धे राहिले, त्या तिन्ही वेळी कुणी उठलं नव्हतं, पण ते सोडा.

गेल्या वर्षी माघात डोंगरकड्याला शकूकाकूंच्या थोरल्या मुलीचं लग्न होतं. शकूकाकू म्हणजे माझ्या सासूबाईंच्या धाकट्या जाऊबाई. चुडा भरायला इशरतबी होत्या आणि बांगड्या द्यायला मी. शकूकाकूंनी नवीकोरी लाल-पिवळी सतरंजी अंथरली होती. पहिला हात भरायलाच पाऊण तास गेला, कारण नवरीचा हात हाडाचा आणि दुसऱ्या हातातला फोन काही सुटेना. दुसरा हात सुरू झाला तेव्हा कुणीतरी होणाऱ्या जावयाच्या चालण्याची नक्कल केली आणि खोलीभर हशा पिकला. आम्हीही हसलो. चुडा पुरा झाला, आम्ही दोघी उठलो, आणि आम्ही बसलो होतो तिथे, दोघींच्या मधोमध, सतरंजीवर ताटाएवढा ओला डाग होता.

शकूकाकूंनी डाग पाहिला आणि इशरतबींकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. माझ्याकडे कोणाची नजर वळली नाही. मी हायस्कूलची शिक्षिका, चाळिशीची, घरची सून, अंगावर रेशमी साडी. त्या वयस्कर, पेट्या घेऊन गावोगाव फिरणाऱ्या, दुसऱ्या धर्माच्या. ठरवायला कुणाला क्षणभरही लागला नाही. इशरतबींनी पेट्या बंद केल्या, तांदूळ-गुळाचा शिधा पदरात घेतला आणि एक शब्द न बोलता बसस्टँडकडे निघाल्या. त्या डागाबद्दल मला एक गोष्ट माहीत होती आणि मी ती बोलले नाही.

आठ दिवसांत बातमी शिरडला पोहोचली. 'इशरतबीला आता आवरत नाही.' औंढ्याचं एक लग्न हातचं गेलं, मग दुसरं. रमजान ईदला गल्लीतल्या पोरींनी बांगड्या भरल्या, तेवढ्याच. आसिफचं औंढ्याच्या बसस्टँडजवळ छोटं दुकान आहे, कटलरी, क्लिपा आणि धातूच्या बांगड्यांचे तयार सेट. तो आईला म्हणाला, "अम्मी, बास झालं आता. घरी बसा. लोक मला दुकानात येऊन विचारून राहिले."

"काय विचारून राहिले?"

आसिफला ते तोंडातून काढता येईना.

"दोन वर्षं तू माझ्या मांडीवर मुतला," इशरतबी म्हणाल्या. "मी कुणाला सांगत फिरले का, की पोराला घरी बसवा म्हणून?"

हे मला आलियानं नंतर सांगितलं. आलिया हसत होती, पण घरात तेव्हा कुणी हसलं नव्हतं. कारण बाई तोंडानं कितीही कडक असली तरी आतून खचली होती. तिनं नमाज सोडली होती. आपण कायमच्या नापाक झालो असं तिनं मनाशी धरलं होतं आणि जानमाज, म्हणजे नमाजाची चटई, घडी करून पेटीत ठेवली होती.

श्रावणात त्या आमच्या घरी आल्या. माझ्या नणंदेचं, मुग्धाचं लग्न मार्गशीर्षात ठरलं होतं. इशरतबी ओसरीवर बसल्या आणि माझ्या सासूबाईंना, गंगूताईंना, त्यांनी सरळ विचारलं, "ताई, मुग्धाचा चुडा मीच भरणार ना?"

सासूबाई म्हणाल्या, "बघू. आता पोरींना ते तयार सेट आवडतात."

"मुग्धाला इचारलं का?"

"तसं नाही हो इशरतबी. लोक बोलतात. डोंगरकड्याचं सगळ्यांना कळलंय. मंगल कार्य आहे, कुणी काही बोललं तर तुम्हालाच वाईट वाटेल."

"मला वाईट वाटू नये म्हणून मला बोलवत न्हाई," इशरतबी म्हणाल्या. "बराबर हाय." पुढ्यात ठेवलेलं पाणी तसंच ठेवून त्या उठल्या.

माझे सासरे विष्णुपंत, तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, पेपरच्या आडून म्हणाले, "तुम्ही फार ताणू नका, बाई." मला त्या क्षणी स्वतःची इतकी चीड आली की मी हातातली कणीक तशीच सोडली आणि कोथिंबीर आणते म्हणून बाहेर पडले.

बसस्टँडच्या लिंबाखाली त्यांना गाठलं. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. म्हणाले, "इशरतबी, डोंगरकड्याची सतरंजी मी भिजवली होती."

त्यांनी पेटीवरची धूळ झटकली. "मला म्हाईत हाय."

"माहीत आहे?"

"मी तुझ्या बाजूला बसले होते पोरी. मी कोरडी होते त्या दिवशी. पहाटे फजरच्या आधीपासून मी पाण्याचा घोट घेतला नव्हता, भिजणार कशानं?"

मी विचारलं, मग तुम्ही का नाही बोललात? म्हणाल्या, "बोलले असते तर तुला नांदणं कठीण झालं असतं. आन् खोटं बी काय होतं? तुझं एक दिवस झालं, माझं चार वर्षं रोज होऊन राहिलं. आज न्हाई तर उद्या माझ्यावर येणारच होतं." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुला कवापासून?"

"धाकट्याच्या बाळंतपणापासून. नऊ वर्षं."

"नऊ वर्षं," त्या म्हणाल्या, "शिकलेली बाई." ही शिवी होती आणि मला ती लागली. पुढच्या गुरुवारी आम्ही दोघी हिंगोलीला डॉक्टरांकडे गेलो. घरी मी सांगितलं, की मुग्धाच्या साड्या बघायला चालले. खोटं बोलायची मला सवयच झाली होती.

हिंगोलीची डॉक्टरीणबाई तरुण होती आणि तिला घाई नव्हती. तिनं आधी विचारायचं ते विचारलं. लघवीला जळजळ आहे का, रक्त दिसतं का, ताप येतो का, साखर तपासली आहे का, बाळंतपणं किती, पोट साफ होतं का. मग तपासलं, खोकायला लावलं, लघवी तपासायला पाठवली. इशरतबी दिवसभर पाणी पीत नाहीत हे कळल्यावर तिनं पेन खाली ठेवलं.

"चार वर्षं तुम्ही औषध म्हणून जे करताय, त्यानंच त्रास वाढलाय," ती म्हणाली. "पाणी तोडलं की लघवी घट्ट होते, लघवीच्या पिशवीची आग होते, ती थोड्याशा लघवीलाही चल म्हणते. जंतूंचं तर फावतंच. तुमच्या लघवीत आत्ताही इन्फेक्शन आहे. आणि पाण्याच्या जागी चहा किती?"

"सहा-सात कप."

"चहा पिशवीला आणखी चिडवतो."

तिनं दोन प्रकार सांगितले. एक, पिशवीचं तोंड आवळून धरणारे खालचे स्नायू सैल पडतात, मग हसलं, खोकलं, वजन उचललं की गळती. मला हे होतं. दुसरा, पिशवीच वेळी-अवेळी आकसते, मग लागली की धरवत नाही. इशरतबींना दोन्ही होतं. वय झालं की हे असंच चालायचं, असं समजून बसायचं कारण नाही, असं ती म्हणाली. पुष्कळ बायकांना व्यायामानं आणि सवयी बदलून चांगला फरक पडतो. नाही पडला तर गोळ्या आहेत, आत बसवायची रिंग आहे, ऑपरेशन आहे. पण पहिल्याच दिवशी ऑपरेशनचं बोलायचं नाही. इन्फेक्शनच्या गोळ्या दिल्या, आणि शेवटी म्हणाली, "तीन दिवस लिहून आणा. किती वेळा गेलात, किती झाली, किती वेळा गळाली, पाणी किती प्यालात."

इशरतबींना लिहिता येत नाही. मी म्हटलं, मी लिहून देईन. "माझ्या मोरीत तू बसणार का वही घेऊन?" त्या म्हणाल्या.

पुढच्या गुरुवारी त्यांनी पेटीतून तीन माळा काढून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवल्या. बांगड्यांच्या माळा, एका दिवसाची एक. मोरीला गेल्या की हिरवी बांगडी. थोडी झाली तर लहान मापाची, पुष्कळ झाली तर मोठ्या मापाची. गळाली की लाल. पाण्याचा पेला प्याला की सोनेरी. सकाळपासून रात्रीपर्यंत क्रमानं ओवलेल्या. पहिल्या दिवसाच्या माळेत अकरा लाल होत्या आणि हिरव्या सगळ्या बाळाच्या मनगटाएवढ्या. मी माझा कागद आणला होता, त्यावर मी दोन ठिकाणी खोटं लिहिलं होतं. माळेत खोटं नव्हतं.

डॉक्टरीणबाईनं माळ उजेडात धरून वाचली. "हे बघा, प्रत्येक चहानंतर तासाभरात लाल आहे. आणि इथे सलग तीन लाल, तेव्हा काय करत होतात?"

"पेट्या माळ्यावर ठेवत होते."

"मग पेट्या लहान करा, आणि उचलायच्या आधी खालून आवळा, मग उचला."

तो व्यायाम कसा करायचा हे तिनं शिकवलं. वात रोखताना आणि लघवी थांबवताना जे आवळतो तेच आवळायचं. मोजून पाच अंक धरायचं, तेवढाच वेळ सैल सोडायचं. हळूहळू दहापर्यंत न्यायचं. दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. लघवी करता करता मात्र करायचं नाही. लागली की पळायचं नाही, जागीच थांबून चार-पाच वेळा आवळायचं, कळ ओसरली की शांतपणे चालत जायचं. सध्या दर तासाला जायचं, मग हळूहळू तो तास पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवायचा.

इशरतबींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "जिंदगीभर मी पोरींना सैल सोड सैल सोड म्हणत आले. आता मला आवळायला सांगतात."

परतीच्या बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या आणि दीड तास माझ्याशी बोलल्या नाहीत. शिरडला उतरताना कळलं, की त्या मोजत होत्या.

त्यांनी व्यायाम धंद्याला जोडला. रोज सकाळी दुकानाच्या सेटसाठी बांगड्या डझनावर ओवायच्या असत. एक बांगडी उचलली की आवळायचं, ओवून माळेवर बसली की सोडायचं. मी माझा व्यायाम शाळेत, मुलं गणित सोडवत असताना करायचे. दोघी पाणी पिऊ लागलो. चहा सहाचा दोनवर आला, त्यावरून त्या आठवडाभर सगळ्यांवर खेकसत होत्या.

नमाजचं आलियानं सोडवलं. तिच्या मावशी मुलींना अरबी शिकवतात, त्यांना तिनं फोनवर विचारलं. मावशी म्हणाल्या, कपडा बदला, साफ व्हा, नव्यानं हातपाय-तोंड धुऊन वुजू करा आणि पढा. बीमारी असली म्हणून अल्लाहनं दार बंद केलेलं नाही. इशरतबी सुनेवरच उखडल्या, "सहा महिने मला हे कुणी सांगितलं काहून न्हाई?"

"तुमी कुणाला विचारलंच न्हाई ना, अम्मी," आलिया म्हणाली. त्या संध्याकाळी जानमाज पेटीतून बाहेर आली.

सगळं सरळ झालं असं समजू नका. सहा आठवडे झाले तरी त्यांच्या रोजच्या माळेत लाल बांगड्या तेवढ्याच. मला थोडा फरक होता, त्यांना काहीच नाही. नवरात्राच्या सुमाराला औंढ्याच्या बाजारात त्यांना शिंक आली आणि साडी भिजली, भर रस्त्यात. घरी येऊन त्यांनी माळ तोडून बांगड्या अंगणात फेकल्या. आसिफ म्हणाला, "मी सांगत होतो." त्यावर त्या उठल्या, एकेक बांगडी वेचली, दुसऱ्या दिवशी सकाळी एकट्याच हिंगोलीला गेल्या आणि तपासणीचा वार नसताना डॉक्टरीणबाईच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या.

"तुमचा इलाज खोटा हाय," त्या म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईनं वाद घातला नाही. त्यांना आडवं करून पुन्हा तपासलं आणि म्हणाली, आवळून दाखवा. दाखवलं. मग हसू दाबत म्हणाली, "इशरतबी, तुम्ही पोट आवळताय, मांड्या आवळताय, श्वास कोंडून धरताय. जे आवळायचं ते सोडून सगळं आवळताय. याने उलटा जोर खाली पडतो." सहा आठवडे बाई चुकीचा व्यायाम मन लावून करत होती. व्यायाम शिकवणाऱ्या ताईकडे पाठवलं, तिनं तीन बैठकांत बरोबर जागा शोधून दिली. "नवरीच्या हातासारखं हाय ते," इशरतबी मला म्हणाल्या. "बाकी सगळं सैल पायजे आन् एकच बोट जोर लावतं." त्यानंतर लाल बांगड्या कमी व्हायला लागल्या. आठ, पाच, मग तीन. तुळशीचं लग्न लागलं त्या आठवड्यात एका माळेत एकही लाल नव्हती. ती माळ त्यांनी मुद्दाम आसिफच्या दुकानात, गल्ल्याच्या वर टांगली. लोक विचारायचे, ही कितीला? आसिफ म्हणायचा, विकायची नाही.

मार्गशीर्ष आला. सासूबाईंनी इशरतबींना निरोप पाठवला नाही. मुग्धानं मात्र धातूचे सेट नको म्हणून हट्ट धरला, तेव्हा कळमनुरीच्या कुण्या बाईला सांगावा गेला. चुड्याच्या दिवशी दुपारी बारा वाजता खोली बायकांनी भरलेली, डोंगरकड्याहून शकूकाकू आलेल्या, कळमनुरीची बाई अजून यायची होती, आणि इशरतबी दोन लहान पेट्या घेऊन ओसरी चढल्या. मी त्यांना बोलावलं नव्हतं. बोलवायला हवं होतं.

"आम्ही तुम्हाला सांगितलं नव्हतं," सासूबाई म्हणाल्या.

"या घरात नवरीचा चुडा भरायला मला कवा सांगावं लागलं?" इशरतबी म्हणाल्या आणि मुग्धासमोर बसल्या. मुग्धानं सासूबाईंकडे न बघता हात पुढे केला. खोलीत कुजबुज झाली. शकूकाकूंनी आपली साडी सावरून दोन हात मागे सरकल्यासारखं केलं, ते सगळ्यांना दिसेल असं. मी इशरतबींच्या शेजारी बसले आणि बांगड्या द्यायला लागले.

उजवा हात पुरा झाला. एकवीस बांगड्या, एकही वाढवली नाही. इशरतबींनी डाव्या हाताला हात लावायच्या आधी गुडघ्यावर हात टेकले आणि उभ्या राहिल्या.

"काय झालं?" सासूबाई म्हणाल्या. "एक हात रिकामा आहे."

"हाय ना. मी लघवीला जाऊन येते."

"अहो, मध्ये उठत नाहीत."

"पस्तीस वर्षं न्हाई उठले," इशरतबी म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता, पण मागच्या रांगेपर्यंत जाईल असा होता. "आज बी मला धरता येतं. अजून तास धरता येतं, डॉक्टरनं शिकवलंय. पण धरायचं काहून? नवरी बी उठू शकते, बांगड्या देणारी बी उठू शकते. दोन घोट पाणी पिऊन, मोरीला जाऊन, हात धुऊन बसलं तर कुणाचा संसार मोडत न्हाई. माझ्या हातानं भरलेले चुडे कोरड्या घशानं भरलेले हायेत, आन् त्या कोरड्या घशापायी मी चार वर्षं कुजले. आता न्हाई."

मागून शकूकाकू म्हणाल्या, "बाई, तुम्हाला त्रास आहे हे कबूल. पण आमची नवी सतरंजी गेली हो. मंगल कार्यात..."

इशरतबींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या पाहत नाहीत हे मला दिसलं आणि तेच मला सहन झालं नाही.

"काकू, ती सतरंजी मी भिजवली होती," मी म्हणाले.

कुणाला काही समजलं नाही. म्हणून पुन्हा सांगितलं. "मी भिजवली. इशरतबी कोरड्या होत्या. मला नऊ वर्षं हा त्रास आहे. साड्यांच्या नावाखाली मी त्यांच्याबरोबर हिंगोलीच्या डॉक्टरांकडे जाते. तुम्ही सगळ्या त्यांच्यावर बोललात आणि मी दहा महिने ऐकून घेतलं." मला रडायचं नव्हतं, तरी रडू आलं.

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही. राग होता, आणखीही काही होतं. मग त्या मुग्धाला म्हणाल्या, "हात मांडीवर ठेव. इशरतबी येईपर्यंत हलू नकोस." आणि इशरतबींना म्हणाल्या, "मोरीतला दिवा बाहेरून लागतो."

इशरतबी जाऊन आल्या. आल्यावर पाण्याचा पेला मागून घेतला, सगळ्यांसमोर उभ्यानं रिकामा केला, आणि बसल्या. डावा हात भरला. रीतीप्रमाणे मुग्धा इशरतबींपुढे वाकली, मग एकेक बाई हात पुढे करत गेली. दोघी-तिघी आपला हात भरायच्या आधी उठून मोरीकडे जाऊन आल्या, जणू काही रोजचंच आहे. एकीनं मला दाराशी गाठून डॉक्टरीणबाईचा वार विचारला. गुरुवार, मी म्हटलं.

सगळ्यात शेवटी शकूकाकू बसल्या. अर्धा हात भरून झाल्यावर म्हणाल्या, "इशरतबी, वैशाखात आमच्या धाकटीचं आहे. डोंगरकड्याला याल का?"

इशरतबींनी हातातली बांगडी चढवली, मनगटाशी नीट बसवली.

"येईन ना. पण ती सतरंजी कुठं हाय, फेकली का?"

"फेकली नाही," शकूकाकू म्हणाल्या. "सोयाबीनवर झाकायला दिली."

"मग धुऊन ठेवा," इशरतबी म्हणाल्या. "मी तिच्यावरच बसणार."